व्ही-डेम, मॅनिफेस्टो प्रोजेक्ट आणि ईएसएस: खानदेशातल्या राज्यशास्त्राच्या वर्गात तीन युरोपी डेटासंच कितपत चालतात?

एम.ए.च्या लघुशोधप्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या महाविद्यालयांत गाडी एकाच ठिकाणी अडते: डेटा कुठून आणायचा? मग शंभर जणांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, टक्केवारीचे चार तक्ते काढायचे आणि प्रबंध बांधायला टाकायचा, असं ठरलेलं चालतं. दुसरीकडे युरोपातल्या राज्यशास्त्र विभागांत जे डेटासंच रोज वापरात आहेत, ते फुकट आहेत. गोथेनबर्गचा विद्यार्थी जी फाइल उतरवतो तीच शहाद्याचा विद्यार्थी उतरवू शकतो. फाइलसोबत येणारं कोडबुक, म्हणजे प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणारी पुस्तिका, कोण किती वाचतो, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. आपल्याकडे फाइल उघडली जाते, कोडबुक बंदच राहतं.

इथे तीन डेटासंचांची पारख केली आहे. निकष दोनच: वर्गात शिकवायला किती उपयोगी आणि खानदेशावर संशोधन करायचं तर किती.

व्ही-डेमपासून (‘व्हरायटीज ऑफ डेमोक्रसी’, देशोदेशीची लोकशाही मोजणारा प्रकल्प) सुरुवात करू, कारण तिघांपैकी यातच भारत आहे. स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठात राज्यशास्त्र विभागाच्या आश्रयाने ही संस्था २०१४ पासून काम करते. १७८९ पासून आजपर्यंत २०० हून जास्त देश, चार हजारांच्या आसपास तज्ज्ञ, आणि लोकशाहीचे पाच पैलू: निवडणूक, उदारमत, सहभाग, विचारविनिमय, समता. दरवर्षी मार्चमध्ये नवी आवृत्ती येते.

वर्गात पहिल्या दिवशी फाइल उतरवू नये. संकेतस्थळावरच आलेख काढायची सोय आहे, ती मोबाइलवरही चालते. देश भारत, कालखंड १९५० पासून, निर्देशांक ‘इलेक्टोरल डेमोक्रसी’ एवढं निवडलं की रेषा समोर येते. १९७५ ला रेषा खाली जाते, १९७७ ला वर येते. आणीबाणी पाठ केलेल्या विद्यार्थ्याला ती आकड्यांत कशी दिसते हे पहिल्यांदा कळतं. त्याच पडद्यावर श्रीलंका आणि बांगलादेश जोडले की तौलनिक राजकारणाचा तास आपोआप सुरू होतो. या सोयीला पैकीच्या पैकी गुण.

फाइल उतरवायची वेळ येते तेव्हा मात्र जपून. पूर्ण देश-वर्ष फाइलमध्ये २७ हजारांवर ओळी आणि चार हजारांवर रकाने आहेत, सीएसव्हीचा (साध्या मजकुरातल्या तक्त्याच्या फाइलचा) आकार शेकडो एमबी. चार जीबी रॅमच्या जुन्या मशिनवर एक्सेलमध्ये ती उघडली की मशिन अडकून बसतं. लिब्रेऑफिस कॅल्कची ७.४ च्या आधीची आवृत्ती असेल तर वेगळाच घोटाळा होतो: तिथे १,०२४ रकान्यांचीच मर्यादा आहे, त्यापुढचे रकाने येतच नाहीत आणि हवा तो निर्देशांक ‘फाइलमध्ये नाहीच’ असा समज होतो. म्हणून ‘कोअर’ नावाची लहान फाइल घ्यावी. शिक्षकाने ती एकदाच ‘आर’ या मोफत सांख्यिकी प्रणालीमध्ये उघडावी, देश, वर्ष आणि लागतील ते आठ-दहा रकाने ठेवावेत, ओळी दक्षिण आशियाच्या आणि १९५० नंतरच्या ठेवाव्यात, आणि तयार झालेली छोटी सीएसव्ही पेनड्राइव्हवरून सगळ्यांना द्यावी. ती मोबाइलवरच्या शीटमध्येसुद्धा उघडते.

रकाने निवडताना नावांच्या शेपट्या बघाव्यात, कारण चुका होतात त्या इथेच. एकाच प्रश्नाचे अनेक रकाने असतात. ‘ओएसपी’ शेपटीचा रकाना म्हणजे प्रश्नाच्या मूळ मापपट्टीवर उतरवलेलं उत्तर, ‘ओआरडी’ म्हणजे तेच पूर्णांकात, ‘एनआर’ म्हणजे त्या वर्षी किती तज्ज्ञांनी उत्तर दिलं ती संख्या. शेपूट नसलेला रकाना मापन-प्रतिमानातून, म्हणजे सगळ्या तज्ज्ञांची उत्तरं एका मापात आणणाऱ्या सांख्यिकी हिशोबातून, आलेला असतो. त्यात ऋण आकडे दिसतात, आणि ते पाहून ‘भारताची माध्यमं उणे’ अशी वाक्यं प्रबंधात येतात. त्या मापावर शून्य म्हणजे साधारण सगळ्या देशांची, सगळ्या वर्षांची सरासरी. ऋण म्हणजे त्या सरासरीच्या खाली, एवढाच त्याचा अर्थ.

‘कोडलो’ आणि ‘कोडहाय’, म्हणजे आकड्याच्या अंदाजाची खालची आणि वरची मर्यादा, हे दोन रकाने तर कधीच गाळू नयेत. आकडा किती खात्रीचा आहे हे त्यांच्यातल्या अंतरावरून कळतं. दोन वर्षांच्या पट्ट्या एकमेकींवर चढत असतील तर ‘घसरण झाली’ असं लिहिता येत नाही, मधली रेषा कितीही उतरती दिसो. पीएच.डी.च्या मौखिकीत बाहेरचा परीक्षक पहिला प्रश्न इथेच टाकतो.

आता वादाचा मुद्दा. २०२१ च्या अहवालात व्ही-डेमने भारताला ‘निवडणूकप्रधान लोकशाही’च्या गटातून ‘निवडणूकप्रधान एकाधिकारशाही’च्या गटात टाकलं. उदार लोकशाहीचा निर्देशांक २०१३ च्या ०.५७ वरून २०२० अखेर ०.३४ वर आला, असं त्यात म्हटलं होतं. भारत सरकारने आक्षेप घेतला. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेकडून २०२२ मध्ये आलेल्या टिपणाने असे निर्देशांक मूठभर तज्ज्ञांच्या मतांवर उभे असल्याची टीका केली. वर्गात या विषयावर आवाज चढतात आणि तास पक्षीय भांडणात जातो. तो तसा जाऊ देऊ नये, कारण मापनपद्धती शिकवायला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

त्यासाठी एक प्रयोग सुचवतो. खर्च पाच झेरॉक्सचा. कोडबुकातला माध्यमांवरच्या सरकारी सेन्सॉरचा प्रश्न मराठीत उतरवून घ्यावा: सरकार छापील किंवा प्रसारण माध्यमांवर प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष सेन्सॉर लादण्याचा प्रयत्न करतं का? उत्तरं शून्य ते चार, प्रत्येक उत्तराचं वर्णन कोडबुकात दिलेलं आहे, तेही उतरवावं. पाच विद्यार्थ्यांना पाच कागद द्यावेत, एकमेकांशी न बोलता १९७६, १९९६ आणि चालू वर्ष अशा तीन वर्षांसाठी आकडा लिहायला सांगावा. १९७६ ला पाचही जणांचे आकडे जवळजवळ येतील, चालू वर्षाला फाकतील. मग विचारावं: फाकले ते देशामुळे की मोजणाऱ्यामुळे? व्ही-डेमसमोरचा प्रश्न हाच आहे. त्यावरचे त्यांचे उपाय असे: एका प्रश्नाला शक्यतो पाच तज्ज्ञ, काहींना एकाहून जास्त देशांची उत्तरं द्यायला लावणं, काल्पनिक देशाचं वर्णन देऊन कोण कडक आणि कोण सैल हे ताडणं, आणि मग बेझियन प्रतिमानातून सगळ्यांच्या पट्ट्या एका मापात आणणं. या उपायांनीही सगळी शंका फिटत नाही. अँड्र्यू लिटल आणि अ‍ॅन मेंग यांनी २०२४ च्या शोधनिबंधात, सत्ताधारी किती वेळा हरतात यासारखी वस्तुनिष्ठ मोजमापं घेतली तर जगभरची लोकशाही घसरण तेवढी दिसत नाही, असं मांडलं, आणि व्ही-डेमच्या अभ्यासकांनी त्याला उत्तर दिलं. दोन्ही बाजू वाचायला द्याव्यात. वाद कोणत्या पायावर चालला आहे हे कळलेला विद्यार्थी आकड्यावर आंधळा विश्वास ठेवत नाही, आणि नुसता हात झटकून तो उडवूनही लावत नाही.

खानदेशाच्या संशोधनाला व्ही-डेम कुठे कमी पडतं? त्याचं एकक देश आहे. जिल्हा त्यात नाही, राज्यही नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांचा एक निर्देशांक आहे. निवडून आलेली स्थानिक सत्ता आहे का, आणि न निवडलेल्या अधिकाऱ्यांच्या हस्तक्षेपाशिवाय ती कारभार करू शकते का, हे तो मोजतो. आपल्याकडच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न अगदी दारातला वाटतो. महाराष्ट्रात २०२२ पासून कित्येक जिल्हा परिषदा आणि महापालिका वर्षानुवर्षं प्रशासकांच्या हाती राहिल्या. पण तो निर्देशांक सबंध भारतासाठी एकच आकडा देतो. केरळची पंचायत आणि जळगावचा प्रशासक एकाच आकड्यात बसवलेले. म्हणून ‘महाराष्ट्रातील प्रशासकराज’ या विषयाला व्ही-डेमचा आकडा पुरावा म्हणून लावू नये. त्याचा प्रश्न मात्र जरूर उचलावा, उत्तराच्या पायऱ्या तशाच ठेवाव्यात आणि तीन जिल्ह्यांतल्या पालिका-परिषदांसाठी स्वतः भराव्यात. मतदारसंघ पातळीवरचे निकाल हवे असतील तर अशोका विद्यापीठाच्या त्रिवेदी सेंटरचं ‘लोकढाबा’ हे संकेतस्थळ आहे. रावेर, जळगाव, धुळे, नंदुरबार सगळे त्यात सापडतात. २००८ च्या पुनर्रचनेत मतदारसंघांच्या हद्दी बदलल्या, तेवढं ध्यानात ठेवून वर्षं जोडावीत. एरंडोलची जुनी आकडेवारी रावेर म्हणून पुढे ओढणं चूक.

आणखी एक. व्ही-डेमची आवृत्ती बदलली की मागच्या वर्षांचे आकडेही थोडे सरकतात, कारण प्रतिमान दरवेळी नव्याने चालवलं जातं. २०१९ चा आकडा जुन्या आवृत्तीतून आणि २०२३ चा नव्यातून घेऊन फरक काढला तर तो फरक निरर्थक. तळटिपेत आवृत्तीचा क्रमांक लिहावा, नुसतं वर्ष लिहून चालत नाही.

मॅनिफेस्टो प्रोजेक्टची गोष्ट वेगळी. हे काम १९७९ मध्ये युरोपातल्या राज्यशास्त्रज्ञांच्या गटाने सुरू केलं आणि पुढे बर्लिनच्या डब्ल्यूझेडबी या सामाजिक शास्त्रांच्या संशोधन केंद्रात स्थिरावलं. पन्नासहून जास्त देशांतल्या पक्षांचे १९४५ पासूनचे जाहीरनामे यात तुकड्यातुकड्यांनी मोजले आहेत. डेटा उतरवायला खातं उघडावं लागतं, ते मोफत आहे. मुख्य संचात भारतीय पक्ष नाहीत. तरीही शिकवण्याच्या दृष्टीने तिघांत हा सगळ्यात मोलाचा, कारण यांची कोडिंगची पुस्तिका हातात घेऊन मराठी जाहीरनामा तासाभरात फोडता येतो. लॅपटॉप लागत नाही, पेन्सिल पुरते.

रीत अशी. जाहीरनाम्याचे ‘अर्धवाक्य’ या एककात तुकडे करायचे. एक अर्धवाक्य म्हणजे एक विधान, वाक्य कितीही लांब असो. नमुन्याचं एक वाक्य घेऊ: ‘केळी उत्पादकांना हवामानावर आधारित पीकविम्याची भरपाई वेळेत देऊ, कापसाची हमीभावाने खरेदी करू आणि सुलवाडे-जामफळ उपसा सिंचन योजना पूर्ण करू.’ वाक्य एक, अर्धवाक्यं तीन. प्रत्येकाला ५६ प्रकारांपैकी एक क्रमांक. पहिली दोन सरळ ७०३ मध्ये, शेती आणि शेतकरी. तिसऱ्यावर वर्गात दोन तट पडतात: सिंचन योजना म्हणजे शेती की ४११, म्हणजे पायाभूत सुविधा? आधीची-पुढची वाक्यं पाहून संदर्भ ठरवावा, असं पुस्तिका सांगते. हा वाद फळ्यावर होऊ द्यावा. दोघांनी एकच मजकूर वेगवेगळा कोड करावा, मग जुळलेल्या क्रमांकांची टक्केवारी काढावी. पहिल्या फेरीत ती निराशाजनक येते. पुस्तिका पुन्हा वाचून केलेल्या दुसऱ्या फेरीत सुधारते. ‘विश्वसनीयता’ या शब्दाची व्याख्या मग वेगळी सांगावी लागत नाही.

आता या प्रकल्पाचा गाजलेला ‘राइल’ निर्देशांक, म्हणजे उजवा-डावा कल. तेरा प्रकार उजवे, तेरा डावे. उजव्यांच्या टक्केवारीतून डाव्यांची वजा करायची. समजा आपल्या भागातल्या एका उमेदवाराच्या पत्रकात चाळीस अर्धवाक्यं निघाली: १६ शेतीची, ६ पायाभूत सुविधांची, ६ समतेची आणि आरक्षणाची, ५ कल्याणकारी योजनांची, ३ शिक्षणाची, २ कायदा-सुव्यवस्थेची, २ राष्ट्राभिमानाची. डाव्या बाजूला कल्याण आणि शिक्षण मिळून ८, म्हणजे २० टक्के. उजव्या बाजूला शेवटचे दोन मिळून ४, म्हणजे १० टक्के. राइल उणे १०, म्हणजे पत्रक किंचित डावं. पण उरलेली २८ अर्धवाक्यं, ७० टक्के मजकूर, या हिशोबात आलाच नाही. शेती ७०३, सुविधा ४११, समता ५०३: तिन्ही प्रकार राइलच्या सव्वीसांत नाहीत. ही पट्टी पश्चिम युरोपातल्या पक्षस्पर्धेवर बेतली गेली. कापूस आणि आरक्षण यांवर जिथे निवडणूक लढवली जाते तिथे ती मुक्याने उभी राहते. म्हणून राइल शिकवावा, पण महाराष्ट्रातल्या पक्षांना राइलचा आकडा चिकटवून प्रबंध लिहू नये. मूळ ५६ प्रकारांची टक्केवारी मांडावी. कोणता पक्ष शेतीवर किती बोलतो आणि समतेवर किती, ही तुलना थेट आणि प्रामाणिक आहे.

मराठी मजकुरासाठी दोन सूचना. जाहीरनामा पीडीएफमध्ये असतो आणि बऱ्याचदा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात. मजकूर कॉपी केला की भलतीच अक्षरं उमटतात. अशा वेळी कन्व्हर्टरच्या मागे दिवस घालवण्यापेक्षा दहा पानं टाइप करून घेणं स्वस्त पडतं. आणि आर-मध्ये आलेखावर मराठी नावं टाकली की जोडाक्षरं फुटतात. आलेख ‘रॅग’ या पॅकेजमधून पीएनजी म्हणून काढला की ती नीट येतात.

ईएसएस, म्हणजे युरोपियन सोशल सर्व्हे, थोडक्यात सांगून पुढे जाता येईल, कारण त्यात भारत नाही. २००२ पासून दर दोन वर्षांनी, पंधरा आणि त्यावरच्या वयाच्या माणसांचे यादृच्छिक नमुने, प्रत्येक देशात किमान १,५०० ‘प्रभावी नमुना’ (नमुना निवडीच्या रीतीचा परिणाम वजा करून उरणारा) आणि वीस लाखांहून कमी लोकसंख्येच्या देशात ८००. मुख्यालय लंडनमध्ये. साधी नोंदणी केली की डेटा मिळतो. सांख्यिकीच्या सरावाला उत्तम. फक्त दोन खड्डे आहेत आणि त्यात नवखे हमखास पडतात. राजकारण्यांवरचा विश्वास शून्य ते दहाच्या पट्टीवर विचारलेला असतो, पण नकार, ‘माहीत नाही’ आणि ‘उत्तर नाही’ यांचे कोड ७७, ८८ आणि ९९ असतात. ते न काढता सरासरी काढली की विश्वास भलताच वाढलेला दिसतो. दुसरा खड्डा भारांकाचा, म्हणजे प्रत्येक उत्तराला हिशोबात किती वजन द्यायचं त्याचा. जर्मनीत पूर्व भागातली माणसं लोकसंख्येच्या प्रमाणाहून जास्त घेतलेली असतात. भारांक न लावता सरासरी काढली की पूर्वेचं मत जर्मनीचं मत होऊन बसतं. बहुतेक कामांना ‘अ‍ॅनवेट’ हा एकच रकाना पुरतो.

मग ईएसएसला या पारखीत जागा का? त्यांच्या भाषांतराच्या रीतीसाठी. खानदेशात सर्वेक्षण करणाऱ्याने युरोपाकडून एकच गोष्ट उचलायची असेल तर ती ही. इंग्रजी मूळ प्रश्नावली दोन भाषांतरकार एकमेकांना न दाखवता आपापल्या भाषेत उतरवतात, मग दोघं आणि एक परीक्षक समोरासमोर बसून शब्दन् शब्द तपासतात, अंतिम निर्णय एक जण देतो, मग थोड्या लोकांवर चाचणी होते, आणि प्रत्येक निर्णयाची लेखी नोंद राहते. आपल्याकडे प्रश्नावली पुस्तकी मराठीत छापली जाते आणि साक्री-शिंदखेड्याच्या गावात मुलाखत घेणारा ती जागेवरच अहिराणीत वळवून विचारतो. दहा मुलाखत घेणारे म्हणजे दहा प्रश्नावल्या. ‘लोकप्रतिनिधींवर आपला कितपत विश्वास आहे?’ हे एक जण ‘तुमले आमदारवर भरोसा शे का?’ असं विचारतो. ‘लोकप्रतिनिधी’चा आमदार झाला, नगरसेवक आणि खासदार गळाले, आणि ‘कितपत’ जाऊन हो-नाहीचा प्रश्न उरला. मिळणारं उत्तर शून्य ते दहाच्या पट्टीवर कुठे लिहायचं हे मग मुलाखत घेणारा आपल्या मनाने ठरवतो. धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी आणि भिल्ली बोलणाऱ्यांत हेच आणखी वाढतं.

अहिराणी आणि पावरी अशा दोन्ही प्रश्नावल्या आधीच देवनागरीत लिहून काढाव्यात. प्रत्येकीला घरात ती भाषा बोलणारे दोन भाषांतरकार हवेत, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष, आणि दोघं वेगवेगळ्या तालुक्यांतले, कारण धुळ्याकडची आणि चाळीसगावकडची अहिराणी शब्दाशब्दाला वेगळी पडते. तीस प्रश्नांना एक पूर्ण दिवस बैठकीचा धरावा. शून्य ते दहाची पट्टी तोंडी सांगून चालत नाही. अकरा चौकोनांचं कार्ड छापून हातात द्यावं आणि बोट ठेवायला सांगावं. चाचणीला पंधरा-वीस माणसं पुरतात, मात्र त्यांत किमान पाच जण शाळेत न गेलेले असावेत. कोणत्या प्रश्नाला ‘म्हणजे काय?’ असं किती जणांनी उलट विचारलं ते कार्डाच्या मागेच टिपून ठेवावं, आणि तो कागद परिशिष्टात प्रश्नावलीच्या शेजारी लावावा.